झोपेची गोळी आणि सीबीटी-आय: दोन्ही एकदम करावं, की आधी गोळी सोडावी?

पहाटवारा
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

माझं वय ४२. चार वर्षांपूर्वी घरात मोठं आजारपण होतं, तेव्हा जागरणं सुरू झाली. आजारपण सरलं, माणूस बरं झालं, माझी झोप मात्र परत आली नाही. रात्री दहाला आडवी होते, साडेबारापर्यंत टक्क जागी. मग डोळा लागतो तो तीनला उघडतो. पुन्हा पहाटे पाचच्या पुढे जरा झापड येते. सात वाजले की उठायचंच. म्हणजे अंथरुणात नऊ तास, आणि दोन आठवडे डायरी लिहिली तेव्हा कळलं की प्रत्यक्ष झोप सरासरी ५ तास १५ मिनिटं.

दीड वर्षापासून झोल्पिडेम १० मिलिग्रॅम रोज घेते. पहिले दोन महिने गाढ झोप लागली. आता गोळी घेऊनही तीनला जाग येतेच, आणि नाही घेतली तर अख्खी रात्र डोळ्यांत जाते.

नव्या डॉक्टरांनी सीबीटी-आय सुचवली आहे, म्हणजे निद्रानाशासाठीची खास वर्तन-विचार थेरपी. समुपदेशक बाई म्हणतात की गोळी राहू दे, सोबतच सुरू करू आणि मग गोळी उतरवू. माझ्या मोठ्या बहिणीने स्वतः हे सोसलं आहे. ती म्हणते, "गोळी घेऊन थेरपी म्हणजे काठ धरून पोहायला शिकणं. आधी हात सोड." मला दोघींचंही पटतं, म्हणूनच अडकले आहे. कुणी दोन्ही एकत्र केलं आहे का? शेवटी गोळी सुटली का?

चाफा
सोमवार, रात्री ९:५८

वाचतोय. माझाही हाच प्रश्न आहे.

ध्रुव_०७
सोमवार, रात्री १०:१५

बहिणीशी १००% सहमत. गोळी चालू असेल तर झोप गोळीमुळे लागली की थेरपीमुळे, हे कळणार कसं? मी एका शुक्रवारी गोळी फेकून दिली. चार रात्री नरक होता, पाचव्या दिवसापासून थेरपी सुरू केली. आज तीन वर्षं झाली, एकही गोळी नाही. हिंमत करा आणि सोडा.

नंदादीप
सोमवार, रात्री १०:५०

ध्रुव, तुमची गोळी सुटली याचा आनंद आहे, पण हा सल्ला असा सरसकट देऊ नका, ही हात जोडून विनंती.

मी ६८ वर्षांचा आहे. पत्नी गेल्यानंतर मला झोपेसाठी क्लोनाझेपाम ही गोळी सुरू झाली ती आठ वर्षं चालली. दोनदा मी तुमच्यासारखंच एका दिवसात बंद करून पाहिलं. दुसऱ्या वेळी तिसऱ्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की पेला धरवेना. छातीत धडधड, अंगाला दरदरून घाम. मुलाने दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की या जातीची औषधं बरीच वर्षं घेऊन अचानक तोडली तर फिट येऊ शकते, प्रसंगी जिवावर बेततं.

पहाटवारा, तुझं औषध वेगळं आहे, पण तेही रोजचं आहे आणि दीड वर्षाचं आहे. एका रात्रीत तोडू नकोस गं. सोडायचं तर डॉक्टरांना विचारून, पायरीपायरीने.

ध्रुव_०७
सोमवार, रात्री ११:०५

नंदादीप काका, हे माहीत नव्हतं. माझी गोळी जेमतेम दोन महिन्यांची होती. वरचा "फेकून द्या" मागे घेतो. पण मूळ मुद्दा तसाच राहतो: दोन्ही एकत्र चालू असताना श्रेय कुणाला?

झुळूक
मंगळवार, सकाळी ८:३०

मी या क्षेत्रात काम करते. इथे कुणावर उपचार करत नाही, पण ध्रुव यांनी अगदी मर्माचा प्रश्न विचारला आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आधी निद्रानाश टिकतो कसा ते बघू. आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये एक साधी मांडणी केली, आम्ही ती आजही वापरतो. काही माणसांची झोप मुळातच सावध असते. त्यात एखादी घटना घडते आणि झोप मोडते. पण घटना संपल्यावरही झोप येत नाही, कारण मधल्या काळात आपण झोप भरून काढायला जे उपाय केले तेच तिला अडवून बसतात: लवकर आडवं होणं, उशिरापर्यंत लोळणं, दुपारची डुलकी, घड्याळ बघणं, अंथरुणात पडून उद्याची काळजी करणं. पहाटवारा यांचे नऊ तास हे याचंच उदाहरण. सव्वापाच तासांची झोप नऊ तासांच्या अंथरुणावर पसरली, तर ती विरळच होणार.

सीबीटी-आयमध्ये या टिकवून धरणाऱ्या सवयींवर काम होतं. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेला नियम असा: अंथरूण झोपेसाठीच. डोळे जड झाले की जायचं, झोप लागेना तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठायचं. स्पीलमन यांचा भाग म्हणजे अंथरुणातला वेळ आखडणं. शिवाय "आज झोपले नाही तर उद्या माझं काही खरं नाही" या विचाराची तपासणी.

आता गोळीचं. गोळी पहिल्या रात्रीपासून काम करते, थेरपीला तीन-चार आठवडे लागतात. म्हणून एकत्र वापरायची कल्पना चांगली वाटते, आणि शार्ल मोरँ या कॅनडातल्या संशोधकाने ती पुन्हापुन्हा तपासली. १९९९ च्या अभ्यासात ७८ वयस्कर माणसं होती: काहींना थेरपी, काहींना टेमाझेपाम ही झोपेची गोळी, काहींना दोन्ही, काहींना नुसतीच खोटी गोळी. सुरुवातीला दोन्ही घेणारे किंचित पुढे होते. पुढे दोन वर्षांपर्यंत पाहिलं तेव्हा सुधारणा सगळ्यांत चांगली टिकली ती नुसती थेरपी घेतलेल्यांची. नुसती गोळी घेणाऱ्यांची ओसरली, आणि दोन्ही घेणाऱ्यांत कुणाची टिकली, कुणाची नाही.

हे "कुणाची टिकली, कुणाची नाही" म्हणजेच ध्रुव यांचा प्रश्न. ज्याने सगळं श्रेय गोळीला दिलं त्याने गोळी संपताच सवयीही सोडल्या.

म्हणून २००९ चा अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो. १६० माणसं. सहा आठवडे काहींना नुसती थेरपी, काहींना थेरपी आणि झोल्पिडेम. मग दोन्ही घेणाऱ्यांचे दोन भाग केले: अर्ध्यांची थेरपी चालू ठेवून गोळी बंद, बाकीच्यांना थेरपीबरोबर गरजेप्रमाणे अधूनमधून गोळी चालू. सहा महिन्यांनी पहिल्या भागातले ६८% निद्रानाशातून बाहेर आले होते, दुसऱ्यातले ४२%. सुरुवात दोघांचीही एकत्रच झाली होती. फरक पडला तो थेरपी चालू असतानाच गोळी थांबवण्यामुळे.

तेव्हा पहाटवारा, "एकत्र की आधी सोडू" यापेक्षा समुपदेशकांना हे विचारा: गोळी उतरवायला कधी लागायचं, आणि तेव्हा माझी सत्रं चालू असतील ना?

चाफा
मंगळवार, सकाळी ९:१०

कोपरापासून नमस्कार. हा प्रतिसाद जपून ठेवतो.

कासव
मंगळवार, दुपारी १:२०

झुळूक, माहिती उत्तम. पण जरा दुसरी बाजू मांडतो, कारण अशा चर्चांत गोळी घेणारा माणूस नेहमीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असतो.

मला निद्रानाश आहे तो विशीपासून. सीबीटी-आय दोनदा केली, दोन्ही वेळा मनापासून, नियम पाळून. पहिल्यांदा फरक पडला, वर्षभराने परत पहिल्यासारखं. दुसऱ्यांदा जेमतेम. आज डॉक्सेपिनचा अगदी लहान डोस घेतो, ६ मिलिग्रॅम, रात्री मध्येच जाग येते त्यासाठी. झोप टिकते, काम नीट होतं, मुलांशी चिडून बोलत नाही. यात मला कुठेही कमीपणा वाटत नाही.

शिवाय २००४ मध्ये ग्रेग जेकब्स यांचा ६३ माणसांचा अभ्यास झाला होता. त्यात थेरपीला झोल्पिडेम जोडून थेरपीपेक्षा जास्त काहीच मिळालं नाही. म्हणजे एकत्र करण्याचा फायदा सगळीकडे दिसलेला नाही, हेही सांगायला हवं.

झुळूक
मंगळवार, दुपारी २:०५

कासव, बरोबर आहे, मी तो सांगायला हवा होता. म्हणूनच अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशासाठी पहिला उपचार म्हणून नुसती सीबीटी-आय सांगितली, आणि तेवढ्याने भागलं नाही तर औषध जोडायचं का, हे रुग्ण-डॉक्टरांनी फायदे-तोटे बघून मिळून ठरवावं असं म्हटलं.

पण पहाटवारांची गोष्ट वेगळी आहे. त्या नव्याने गोळी जोडत नाहीत, ती आधीच दीड वर्षं आहे. अशांसाठी मला मोरँ यांचाच २००४ चा दुसरा अभ्यास आठवतो. दीर्घकाळ बेन्झोडायझेपिन, म्हणजे क्लोनाझेपाम-टेमाझेपामच्या जातीच्या गोळ्या, घेणारी ७६ वयस्कर माणसं. देखरेखीखाली डोस उतरवला त्यांच्यातल्या ४८% जणांची गोळी सुटली, नुसती थेरपी दिली त्यांच्यात ५४%. आणि डोस उतरवत असताना सोबत थेरपीही दिली त्यांच्यात ८५%.

तुमच्या डॉक्सेपिनबद्दल: दोनदा मनापासून थेरपी करून, डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवलेलं औषध आहे ते. त्यात कमीपणा नाहीच.

नंदादीप
मंगळवार, दुपारी ३:३०

त्या ८५ टक्क्यांत मी नव्हतो, पण माझी कहाणी तीच. तिसऱ्या वेळी डॉक्टर आणि समुपदेशक एकमेकांशी बोलत होते, तेवढ्याने सगळा फरक पडला. डोस कमी केला की चार-पाच रात्री झोप बिघडायची. आधीच्या दोन्ही वेळी मी म्हणालो होतो, "बघा, गोळीशिवाय मला झोप नाही." या वेळी समुपदेशकाने आधीच सांगून ठेवलं होतं की ही बिघडलेली झोप म्हणजे औषध उतरल्याची खूण आहे, ओसरेल. आणि ओसरली. शेवटच्या पाव गोळीला मला चार महिने लागले. लागू देत.

रानवाट
मंगळवार, सायंकाळी ६:१५

अंथरुणातला वेळ आखडणं प्रत्यक्षात कसं असतं ते कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. पहिला आठवडा अवघड असतो, आणि हे आधी सांगितलेलं बरं.

मला साडेपाच तासांची वेळ दिली होती, १२:४५ ते ६:१५. पाच तासांखाली सहसा नेत नाहीत. अकरापासून पेंग यायची आणि पावणेएकपर्यंत उभ्याउभ्या घर आवरत राहायचो. चौथ्या दिवशी दुपारी मीटिंगमध्ये डुलकी लागली. पण नवव्या रात्री डोकं टेकलं आणि थेट सकाळ. आजी म्हणायची, "भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा." नीज खरी असली तर उशाला दगडही चालतो, हे तेव्हा अंगावर आलं. आम्ही मात्र नीज तयार होऊ न देता उशी, गादी, पडदे बदलत बसलो होतो.

हिशेब असा: झोपेचा वेळ भागिले अंथरुणातला वेळ. आठवड्याची सरासरी ८५% च्या वर गेली की पंधरा मिनिटं वाढवून मिळतात. ८० च्या खाली गेली तर कमी होतात.

आता पहाटवारांसाठी एक अडचण, जी वर कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. झोल्पिडेमच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की उठायला किमान सात-आठ तास असतील तरच घ्या. आणि थेरपी तर वेळ साडेपाच-सहा तासांवर आणते! दोन्हींचा मेळ कसा घालायचा, हे डॉक्टरांना जरूर विचारा. सकाळी गाडी चालवत असाल तर नक्कीच.

झुळूक
मंगळवार, सायंकाळी ६:४०

रानवाट, फार महत्त्वाचा मुद्दा. बायकांच्या शरीरातून झोल्पिडेम हळू बाहेर पडतं, सकाळीही रक्तात उरतं. म्हणून २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांच्यासाठीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला. पहाटवारा, तुम्ही १० वर आहात. हे डॉक्टरांसमोर ठेवा.

सावली
मंगळवार, रात्री ८:२०

माझा अनुभव सांगितला पाहिजे असं वाटलं. झोल्पिडेमवर असताना एका सकाळी ऑफिसला गेले तर वरिष्ठ म्हणाले, "रात्री दीडला मेल कसली पाठवलीस?" उघडून पाहिली. व्यवस्थित वाक्यं, सही, सगळं. मला एक अक्षर आठवत नव्हतं. पुढच्या आठवड्यात घरच्यांनी दाराशी अडवलं, हातात गाडीची किल्ली होती.

त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. झोपेत चालणं, गाडी चालवणं असे प्रकार होतात म्हणून २०१९ पासून अमेरिकेत या औषधांवर चौकटीतला ठळक इशारा छापतात, हे नंतर कळलं. ज्यांना असं एकदा जरी झालं आहे त्यांनी ते औषध पुन्हा घ्यायचं नाही. घाबरवायला लिहीत नाही, घरच्यांना सांगून ठेवा एवढंच.

चाफा
मंगळवार, रात्री ८:३५

सावली, वाचून काटा आला. अवांतर: ते मनगटावरचं झोप मोजणारं घड्याळ किती खरं मानायचं? माझं रोज सांगतं की गाढ झोप फक्त ३८ मिनिटं झाली.

रानवाट
मंगळवार, रात्री ८:५०

घड्याळ काढून कपाटात ठेवा, चाफा. मी सकाळी उठल्यावर ताजातवाना वाटायचो, मग घड्याळ बघायचो आणि दमून जायचो. माझ्या समुपदेशकांनी पहिल्याच सत्रात ते काढायला लावलं. कागदावरची डायरी पुरते, तीही सकाळी अंदाजाने भरायची. रात्री वेळ बघायची नाही.

शुक्रतारा
मंगळवार, रात्री ९:३०

यात एक भर. माझे यजमान पाच वर्षं "निद्रानाश, निद्रानाश" म्हणत गोळ्या घेत होते. घोरणं जोरात, मध्येच श्वास अडकल्यासारखा आवाज, सकाळी डोकं जड. शेवटी झोपेची तपासणी केली तर श्वास थांबण्याचा आजार निघाला. त्यांच्या गोळीने तो वाढतच होता, कारण तिने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. आता मशीन लावून झोपतात. तर थेरपी किंवा गोळीचा वाद घालण्याआधी नक्की दुखणं कोणतं आहे ते बघा.

पानगळ
बुधवार, पहाटे २:४८

मीही लिहू का. मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार उसळतं तर कधी फार खचतं तो आजार. हे इथे पहिल्यांदाच सांगते आहे. माझ्यासारखीने वरचं वाचून स्वतःच झोपेचे तास कापू नयेत म्हणून लिहिते. मी एका लेखात वाचून कापले होते. सहाव्या दिवशी झोपच लागेना, आणि मला त्याचं दुःखही वाटेना. डोकं पळायला लागलं, पैसे उडवले, नवऱ्याने ओळखलं म्हणून वाचले. जागरणाने आमच्यासारख्यांचं मन उसळतं.

आता जी थेरपी चालू आहे तीत तास कापणं नाही. उठायची वेळ पक्की, सकाळचा उजेड, संध्याकाळी दिवे मंद, आणि विचारांवर काम. माझं मूडचं औषध चालूच आहे आणि ते चालूच राहणार. "गोळी सोडली" ही सगळ्यांचीच जिंकायची रेघ नसते.

झुळूक
बुधवार, सकाळी ७:५०

पानगळ, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. ज्यांना बायपोलर आहे, फिट येतात, झोपेत चालण्याची सवय आहे, किंवा ज्यांचं काम ट्रक-बस चालवण्यासारखं जोखमीचं आहे, त्यांनी तास आखडण्याचा प्रयोग घरच्या घरी करूच नये. आणि नैराश्य किंवा मूडसाठीचं औषध ही झोपेची गोळी नव्हे. "गोळी उतरवा" हे तिला लागू नाही.

चाफा
बुधवार, सकाळी ८:०५

पानगळताई, तुम्ही सगळ्यांत मोलाचं लिहिलंत. पण पावणेतीनला इथे होतात, आज रात्री हा धागा तुमच्याआधी झोपेल असं बघू.

पानगळ
बुधवार, सकाळी ८:४०

वचन दिलं.

पहाटवारा
बुधवार, रात्री ९:१५

एवढं सगळं वाचून डोळे भरून आले. गेली दीड वर्षं मी हे कुणाशी बोलत नव्हते.

डॉक्टर आणि समुपदेशक यांची उद्या एकत्र भेट मागितली आहे. विचारायचं लिहून घेतलं: डोस जास्त आहे का, सकाळच्या गाडीचं काय, उतरवायला कधी सुरुवात, आणि तेव्हा सत्रं चालू असतील ना. बहिणीलाही धागा वाचायला दिला. ती म्हणाली, "काठ धरू दे, पण कोणत्या दिवशी सोडायचा ते भिंतीवर लिहून ठेव." परत येऊन सांगते.

कासव
बुधवार, रात्री ९:४०

बहीण शहाणी आहे. शुभेच्छा.

ध्रुव_०७
गुरुवार, सकाळी १०:००

पहाटवारा, उतरवताना एक लक्षात ठेवा, हे मला नंतर समजलं. "आज झोप येत नाही म्हणून घेते" असं करू नका. तसं केलं की मन शिकतं: जागं राहिलं की बक्षीस मिळतं. कोणत्या वारी घ्यायची आणि कोणत्या वारी नाही हे आधी ठरवा, आणि त्या रात्री कसंही वाटो, ठरल्याप्रमाणेच करा.

झुळूक
गुरुवार, सकाळी १०:२५

ध्रुव, हे मी सत्रात सांगते त्याहून चांगलं सांगितलंत.

(मधला काळ: साडेतीन महिने)

पहाटवारा
रविवार, सकाळी ७:१०

धागा वर काढते आहे. सांगितलं होतं, परत येईन.

डॉक्टरांनी तास आखडण्याआधीच डोस उतरवायला घेतला: दोन आठवडे ७.५, मग ५. मग थेरपीची वेळ ठरली, रात्री १२:१५ ते सकाळी ६:१५, सहा तास. गोळीमुळे साडेपाचपर्यंत नेलं नाही. महिनाभर सकाळी गाडी चालवायची नाही असं सांगितलं, भाऊ सोडायला यायचा.

पहिला आठवडा रानवाट यांनी लिहिलं तसाच गेला. सरासरी झोप ४ तास ५० मिनिटं, ८१%. तिसऱ्या सकाळी मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. समुपदेशक बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, "हीच झोपेची भूक तयार होते आहे, उठायची वेळ तेवढी धरून ठेव." धरली. तिसऱ्या आठवड्यात ५ तास २० मिनिटं, ८९%. तीनला येणारी जाग कमी झाली. पहिली पंधरा मिनिटं वाढवून मिळाली, तेव्हा मला एखादं बक्षीस मिळाल्यासारखं झालं.

पाचव्या आठवड्यात २.५ मिलिग्रॅम. सातव्यापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार गोळी नाही, ध्रुव यांनी सांगितलं तसं, वार ठरवून. पहिला सोमवार वाईट गेला, तासभर दुसऱ्या खोलीत बसून विणकाम केलं. पण नंदादीप काकांचं वाक्य आठवत होते, ही औषध उतरल्याची खूण आहे. दुसरा सोमवार बरा गेला. नवव्या आठवड्यात शून्य.

आज बारावा आठवडा. वेळ ११:३० ते ६:३०, झोप ६ तास १५ मिनिटं, ८९%. निद्रानाश मोजायची सात प्रश्नांची एक यादी असते, २८ पैकी. सुरुवातीला माझे २१ होते, परवा ९ आले. अजून एखादी रात्र जाते. पण ती गेली की मी दुसऱ्या दिवशी दहाला आडवी होत नाही, नेहमीच्याच वेळी जाते, आणि तिथेच ती संपते.

थेरपीचं शेवटचं सत्र पुढच्या महिन्यात आहे. ते गोळी सुटल्यानंतर ठेवलं, मुद्दाम.

नंदादीप
रविवार, सकाळी ७:३५

शाब्बास पोरी. आज दिवस चांगला गेला माझा, आताच.

कासव
रविवार, सकाळी ९:००

मनापासून अभिनंदन. अवांतर: हे वाचून मीही समुपदेशकांची वेळ घेतली आहे. डॉक्सेपिन सोडायला नव्हे. वर्षभराने पहिल्यासारखं का होतं, ते एकदा नीट बघायचं आहे.

झुळूक
रविवार, सकाळी ९:२०

कासव, पहिल्या वेळी ते एक वर्ष संपत आलं तेव्हाच्या सवयी आठवून लिहून न्या. उठायची वेळ सैल झाली होती का, सुट्टीच्या दिवशी लोळणं वाढलं होतं का. बहुतेकदा सुरुवात तिथूनच होते.

चाफा
रविवार, सकाळी ९:४५

पहाटवारा, डायरीचे रकाने कोणते होते ते इथे टाकाल का? आज रात्रीपासून सुरू करतो. घड्याळ कपाटात गेलं आहे.

पहाटवारा
रविवार, सकाळी १०:०५

हे घ्या: अंथरुणात गेलो ती वेळ. दिवा मालवला ती वेळ. झोप लागायला किती मिनिटं गेली, अंदाजे. रात्री किती वेळा जाग आली आणि एकूण किती मिनिटं. शेवटची जाग. अंथरुणातून उठलो ती वेळ. गोळी घेतली असेल तर कोणती आणि किती. दुपारी डुलकी लागली का. शेवटच्या रकान्यात सकाळी कसं वाटतंय ते एका शब्दात. दोन आठवडे काहीही न बदलता नुसतं भरा आणि मग डॉक्टरांकडे घेऊन जा. मी वहीला पेन दोऱ्याने बांधून ठेवलं होतं, नाहीतर सकाळी ते सापडत नाही.